गालात धरलेली गोळी

सोफे-खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या माणसाचं अर्धं काम हातात असतं आणि अर्धं तोंडात. आपल्या या कारागिराचंही तसंच. दहा-पंधरा बारीक खिळे ओठांआड धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा की ठोकलाच. वर गिऱ्हाइकाशी गप्पाही मारायच्या! तीस वर्षांत एक खिळा गिळला नाही, अशी बढाई तो मारायचा, आणि ती खरी होती.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. बायकोची जुळेना, तेव्हा सासूबाई हट्टालाच पेटल्या. "लेक दिली तेव्हा घाबरले नाही, आता काय घाबरायचं?" म्हणाल्या, आणि दिली की स्वतःची एक किडनी! आजारात पाणी घोटाघोटाने मोजून प्यावं लागे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायला मिळालं, तेव्हा हा गडी पेला हातात धरून ढसाढसा रडला. सासूबाई मग लेकीकडेच राहिल्या. शरीराने नवी किडनी परकी मानून हाकलू नये म्हणून दिवसातून दोनदा गोळी असे. सकाळची त्या स्वतः पाण्यासकट दुकानात आणून देत.

पुढे मात्र हिरड्या सुजून दातांवर चढायला लागल्या. खिळा धरला की रक्त. ब्रश लावला की दुखे, म्हणून पठ्ठ्याने ब्रशच सोडला. मग तर विचारूच नका! हसताना तोंडावर हात जाऊ लागला. शेवटी गोळ्यांच्या खोक्यातला कागद त्याने भिंग लावून वाचला. हिरड्या वाढू शकतात, असं चक्क छापलं होतं.

आता सरळ डॉक्टरांना सांगावं की नाही? पण जिने पोट कापून किडनी दिली, तिच्यासमोर हिरड्यांचं रडगाणं कुठल्या तोंडाने गायचं, असं याला वाटे. म्हणून सकाळची गोळी तो गालात धरायचा, पाणी प्यायचा, चार शब्द बोलायचा आणि सासूबाईंची पाठ वळली की ती कचऱ्यात टाकायचा. तीस वर्षांचा सराव, कोणाला पत्ता लागणार? रात्रीची एक पुरेल, हे त्याचं त्यानेच ठरवलं. मोठा शहाणाच की!

सातव्या दिवशी बायकोला उशीवर रक्त दिसलं. तिने आईला सोबत देऊन त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाईंनी तोंड तपासलं, औषधांची यादी वाचली.

"हे या गोळीमुळे होतं, आणि दात घासले नाहीत की आणखी वाढतं. गोळी बदलता येते, हिरडी कापताही येते. पण ते किडनीच्या डॉक्टरांना विचारून. तुम्ही परस्पर बंद नाही ना केली?"

"छे हो!" सासूबाई हसल्या. "मी स्वतः देते ना."

त्या हसण्यापुढे त्याला खोटं बोलवेना. "सकाळची... सहा दिवस घेतली नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

बाईंनी तिथूनच किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. आत्ताच्या आत्ता या, रक्त तपासू, किडनीला धोका आहे, असा निरोप आला.

दवाखान्याच्या बाकावर दोघं तीन तास बसून होती. एरवी सासूबाईंची टकळी थांबत नसे, आज एक अक्षर नाही. त्यापेक्षा यांनी कानाखाली वाजवावी, असं त्याला झालं.

डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. किडनीचा बिघाड दाखवणारा आकडा वर गेला होता, पण थोडाच. "नशीब समजा. आणखी उशीर केला असतात तर किडनी गेली असती." त्यांनी दुसरी गोळी लिहून दिली, परवा पुन्हा रक्त तपासायला बोलावलं आणि हिरड्यांचंही बघू म्हणाले. त्याचा जीव भांड्यात पडला.

आता बोलणी खायची, म्हणून तो मान खाली घालून बसला. सासूबाईंनी हनुवटीला धरून त्याची मान वर केली.

"तोंड उघडा बघू."

त्याने उघडलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, एवढं दुखत होतं? मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही एवढं दिलंत, आई. त्यात आणखी तक्रार कशी करू?"

"वेडे की काय तुम्ही! तुम्ही सुखाने जगावं म्हणून दिली ना ती?"

माणसांनी भरलेल्या त्या दवाखान्यात त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळेच जिवंत आहे मी, आई," तो म्हणाला. तीन वर्षांत हे त्याला एकदाही म्हणता आलं नव्हतं.