सावंतसरांचा स्कोअर

फाईल बंद झाली की कपाटात जाते, किस्सा मात्र टेबलावरच राहतो. घाटकोपरला एका फरसाणच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. लोकांना बँकांकडून होम लोन मिळवून देणं हे काम. बारा वर्षं मी इथे फाईल्स बघतेय. किस्से एवढे साठलेत की आता त्यांच्यासाठी वेगळं कपाट घ्यावं लागेल.

त्यातले बहुतेक क्रेडिट स्कोअरचे. स्कोअर बिघडलेला माणूस खुर्चीत बसता बसता एकच विचारतो, थोडं थांबलं तर आपोआप सुधारेल ना? आमचे मालक सावंतसर चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "आपोआप फक्त दाढी वाढते."

आता गंमत ऐका. शेकडो लोकांना घरं मिळवून देणारे सावंतसर स्वतः मुलुंडला भाड्याने राहतात. कारण त्यांचाच स्कोअर बिघडलाय! धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने कर्ज काढून टेम्पो घेतला तेव्हा सर जामीन राहिले. पुढे धंदा बसला, शेवटचे पाच हप्ते थकले आणि डाग सरांच्याही नावाला लागला. यंदा घरमालकाने ती जागा सरांनाच विकायची तयारी दाखवली, पण फक्त मार्चपर्यंत. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

मी म्हटलं, सर, पाच हप्ते तुम्हीच भरून टाका की. तर म्हणाले, "अगं, भावोजींच्या मनाला लागेल. मेहुण्याने कर्ज फेडलं म्हणून गावभर होईल. भरतील ते. थांबू या थोडं."

मी नुसती त्यांच्या दाढीकडे बघत राहिले.

*

साकीनाक्याला लेथ मशीनचं वर्कशॉप असलेले एक काका आले होते. स्कोअर पडलाय कळल्यावर त्यांनी क्रेडिट कार्ड कात्रीने कापलं, कचऱ्यात टाकलं आणि वर्षभर बँकेकडे फिरकले नाहीत. त्यांचं म्हणणं, तापात लंघन केलं की ताप उतरतो, तसाच स्कोअरही विश्रांतीने बरा होईल. कापलेल्या कार्डावर जुनी बाकी होती, तिच्यावर वर्षभर व्याज चढत राहिलं.

सर म्हणाले, "काका, हा ताप नाही, किडका दात आहे. झाकून ठेवलात तर शेजारचाही जाईल."

काकांनी दुसऱ्याच दिवशी बाकी भरली. आणि जाता जाता आम्हाला चांगल्या डेंटिस्टचा पत्ता विचारला, खराखुरा दात दुखत होता म्हणून.

*

चेंबूरच्या कांबळेमॅडम शाळेत गणित शिकवतात. त्यांचं फिटलेलं कर्ज रिपोर्टमध्ये तीन वर्षं थकलेलं दिसत होतं, म्हणून होम लोन मिळत नव्हतं. तक्रार का नाही केली, असं विचारलं तर म्हणाल्या, चूक त्यांची आहे, सुधारतील ते. कर्ज फिटल्याचं पत्र मात्र त्यांनी लॅमिनेट करून ठेवलं होतं!

सरांनी समोर बसवून तक्रार टाकायला लावली. दीडेक महिन्यात रिपोर्ट स्वच्छ झाला. मॅडम पेढे घेऊन आल्या, सगळ्यांना वाटले आणि मग वही उघडून म्हणाल्या, "तीन वर्षं मी भाडं भरलं, ते आता कोणाकडे मागू?"

अख्ख्या ऑफिसने पेढा खाली ठेवला.

*

एका पठ्ठ्याने पर्सनल लोन थोडी सूट घेऊन मिटवलं आणि त्या आनंदात मढला भाड्याने बंगला घेऊन मित्रांना दणकून पार्टी दिली. मग आमच्याकडे आला. रिपोर्टवर शेरा, कर्ज पूर्ण फेडलेलं नाही, तडजोडीत मिटवलंय. सर म्हणाले, सूट मिळालेली रक्कम भरा आणि खातं नीट बंद झाल्याचं पत्र आणा. त्याने मोबाईलवर हिशेब केला. सूट मिळालेल्या रकमेपेक्षा पार्टीचं बिल जास्त निघालं.

*

थांबा असं सरांनी आजवर एकालाच सांगितलंय. बोरिवलीच्या एका पोराने एकाच आठवड्यात नऊ बँकांत अर्ज टाकले, कोणीतरी देईलच म्हणून. नऊ नकार आले. सर म्हणाले, सहा महिने एकही अर्ज करायचा नाही, हप्ते वेळेवर भरायचे. तेव्हापासून तो दर सोमवारी फोन करून सांगायचा, "सर, थांबलोय ना मी!" त्याला लोन मिळालं. सोमवारी फोन वाजला की सर मात्र अजून दचकतात.

*

दिवाळी आली तरी टेम्पोचे पाच हप्ते तसेच. भाऊबीजेला सर दरवर्षीप्रमाणे भांडुपला त्या धाकट्या बहिणीकडे, वंदनाताईंकडे गेले. पाच वर्षांत त्या घरात कर्जाचा विषय एकदाही निघाला नव्हता. ताईंना तर त्यातलं काहीच माहीत नव्हतं. यंदा त्यांना कोणी सांगितलं, हे सर अजून मला विचारतात. मी चहा सांगते.

ताईंनी ओवाळलं. सरांनी नेहमीसारखं खिशातून पाकीट काढलं. ताईंनी हात आडवा धरला. भावोजी समोरच बसले होते. त्यांच्यादेखत, अगदी शांतपणे ताई घरच्या मालवणीत म्हणाल्या, "दादा, यंदा माका पाकीट नको. ह्यांच्या टेम्पोचे रवलेले हप्ते भर. तीच माझी ओवाळणी."

सर सांगतात, मला भावोजींकडे बघायचा धीरच होईना.

मग भावोजी उठले, देव्हाऱ्यामागून कर्जाची नोटीस काढली आणि स्वतःच्या हाताने निरांजनाशेजारी, ताटात आणून ठेवली.