अकरावं तिकीट

मोबाईलवर एक कोड उरला होता आणि त्याचा माणूस नव्हता.

पुण्याहून परतताना नाशिक फाट्याच्या मेट्रो स्टेशनवर, बाहेर पडायच्या गेटपाशी मी उभी होते. एकेका पेशंटसाठी मोबाईलवरचा चौकोनी कोड काचेवर धरायचा, गेट उघडलं की त्याला पलीकडे सरकवायचं आणि बोटाने पुढचा कोड आणायचा. दहा वेळा हे झालं. अकरावा कोड समोर आला आणि मी मागे न बघताच म्हणाले, "चला, द्रौपदाबाई."

मागे कुणीच नव्हतं.

मंचरच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात मी पेशंट कोऑर्डिनेटर आहे. नाव भारदस्त, पण काम साधं. जुन्नर-आंबेगावच्या गावांमधून शिबिरात निवडलेले पेशंट पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचे, तपासून घ्यायचे, आणि नेले तेवढे परत आणायचे. त्यातल्या शेवटच्या कामात मी इतक्या वर्षांत कधी कमी पडले नव्हते. दवाखान्यात सगळे माझ्या मोजण्याची थट्टा करतात. चहाचे कपही मी दोनदा मोजते म्हणे.

त्याआधीच्या खेपेला आमची व्हॅन शहरातल्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि ओपीडी बंद व्हायच्या वेळेला आम्ही पोचलो. म्हणून या वेळी व्हॅन नाशिक फाट्याला उभी करून पुढे मेट्रोने जायचं ठरवलं. सकाळी स्टेशनवर पोचल्यावर तिकिटाचा प्रश्न आला. पर्याय तीन. खिडकीवर प्रत्येकाचं कागदी तिकीट घ्यायचं. किंवा दिवसभराचा पास घ्यायचा, म्हणजे हवं तितक्या वेळा चढा-उतरा. पण तो सगळ्यात महाग. किंवा मोबाईलवर सगळ्यांची जाण्या-येण्याची तिकिटं एकदम काढायची. ते खिडकीपेक्षाही थोडं स्वस्त पडत होतं.

मी आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी बोराशेठ यांना फोन लावला. मंचरच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. माणूस मनाने मोठा, पण ट्रस्टच्या रुपयाला दोन्ही हातांनी धरणारा.

"शैलाताई, फेऱ्या किती होणार?"

"दोनच. जायची आणि यायची."

"मग पास कशाला? स्वस्तात स्वस्त बघा. लोकांनी दिलेले पैसे आहेत."

खिडकीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, वयस्कर लोक आहेत. प्रत्येकाच्या हातात काहीतरी असू द्या." मला ते वायफळ वाटलं. आमच्याकडे एसटीत एकच माणूस सगळ्यांचं तिकीट काढतो आणि मुठीत धरून बसतो, बाकीचे खिडकीतून बाहेर बघतात. इथे ती मूठ माझी. बारा तिकिटं मोबाईलवर काढली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आता बारापैकी एक मी, दहा गेटच्या बाहेर, आणि एक बहुधा मेट्रोत कुठेतरी पुढे निघून गेलेली.

ती कोण हे सांगितल्याशिवाय माझी काय अवस्था झाली ते कळणार नाही. द्रौपदाबाई लोणीच्या. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी नेसलेली, जुन्या डायबेटिसची पेशंट. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त झिरपायला लागतं. तशात डावा डोळा आधीच गेला होता. उजवा वाचवायला आम्ही चाललो होतो. तपासणीआधी डोळ्यात थेंब घालतात, त्या थेंबांनी बाहुली मोठी होते आणि डॉक्टरांना आतला पडदा दिसतो. पण पुढचे काही तास पेशंटला जवळचं नीट दिसत नाही आणि उजेड टोचतो. बाकीच्यांना एका डोळ्याने नाही तर दुसऱ्याने निभावता येत होतं. हिला दुसरा डोळाच नव्हता. वर गोळ्या घेतलेल्या, आणि चार वाजता काही खाल्लं नाही तर हिची साखर उतरून घाम फुटतो हे मला माहीत होतं. घड्याळात चार वाजून गेले होते.

तिची पिशवी माझ्या खांद्याला होती. बिस्किटं त्यातच होती.

पिशवीत फोन वाजला. बटणांचा फोन, तिचाच. मुलगा होता.

"आये, झालं का गं?"

"मी शैलाताई बोलतेय."

"हां ताई, म्हातारी कशीय? डोळ्याचं काय म्हनलं डॉक्टर?"

"ऑपरेशन लागणार नाही म्हणाले. मी... मी पाच मिनिटांत फोन करते."

"द्या की जरा तिच्याकडं."

मी फोन कट केला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

स्टेशनवरच्या ड्युटी ऑफिसर मुलीला गाठलं. तिने घाबरवलं नाही, थेट प्रश्न विचारले. कुठल्या डब्यात होतात? किती मिनिटं झाली? कपडे कसे? मी सांगितलं. मधला डबा, दाराजवळची सीट, हिरवं लुगडं, पांढरा रुमाल डोळ्यावर. तिने वॉकीटॉकीवर पुढच्या स्टेशनला विचारलं. उत्तर आलं, अशा कोणी आजी उतरलेल्या नाहीत.

गेटपलीकडून लोणीचेच दगडूभाऊ ओरडले, "ताई, काय झालं? आमी येऊ का मागारी?"

"नका येऊ! तिथंच थांबा सगळे!"

त्यांच्यापैकी एकालाही धड दिसत नव्हतं. आमचा ड्रायव्हर बबनराव जिना चढून आला. त्यांना त्याच्या ताब्यात दिलं आणि सांगितलं की एकेकाला हाताला धरून खाली ने, मोजत ने.

पुढच्या स्टेशननंतर शेवटचं स्टेशन. तिथूनही उत्तर आलं, गाडी आली, माणसं उतरली, त्यांत हिरव्या लुगड्याच्या आजी दिसल्या नाहीत.

मग गेली कुठे? रुळांकडे तर गेली नसेल? हे मी तोंडाने बोललेसुद्धा. ऑफिसर म्हणाली, "मॅडम, तसं काही असतं तर आतापर्यंत गाड्या थांबल्या असत्या. शांत व्हा आणि आठवा. त्या तुमच्या मागे होत्या ना?"

हा प्रश्न बरोबर वर्मी लागला. कारण माझ्या मागे कुणी असायलाच नको होतं. पेशंट नेताना माझा एक नियम आहे. मी नेहमी शेवटी चालते. सगळ्यांना पुढे घालायचं, आपण मागून यायचं, म्हणजे कुणी मागे राहतच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी सगळ्यांच्या पुढे होते. का, तर बारा तिकिटं माझ्या मोबाईलवर होती आणि गेटपाशी मला पहिलं पोचायचं होतं. जाताना सगळ्यांना दिसत होतं म्हणून निभावलं. येताना दार उघडल्याबरोबर मी "चला चला" करत उतरले होते, आणि शेवटचा पाय कुणाचा बाहेर पडला ते पाहायला दाराशी कुणीच नव्हतं.

मी तिथल्या खुर्चीत बसले. आणि मग मला माझंच सकाळचं भाषण आठवलं. प्रत्येक खेपेला व्हॅनमध्ये मी ते देते. "चुकामूक झाली तर जागा सोडायची नाही. जिथे आहात तिथेच बसून राहायचं. कुणी कितीही उठवलं तरी उठायचं नाही. मी शोधत येते." जत्रेत पोरं हरवतात तेव्हा आमच्याकडे हेच सांगतात. सकाळी सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. द्रौपदाबाईंनी जरा जास्तच.

मी उठून उभी राहिले. "त्या उतरल्याच नसतील."

"शेवटच्या स्टेशनला सगळ्यांना उतरवतात, मॅडम."

"ही नाही उतरणार. पुन्हा विचारा. कुणी आजी उतरायला तयार नव्हती का, ते विचारा."

तिने विचारलं. खरखर झाली, मग कुणीतरी हसल्यासारखं बोललं. होत्या एक आजी. उतरा म्हटलं तर दांडा धरून बसल्या. आमची माणसं येत्यात, म्हणाल्या. गार्ड लेडी स्टाफला बोलवायला गेला, तेवढ्यात गाडी परत निघाली.

"म्हणजे आता?"

"म्हणजे आता ती गाडी इकडेच येतेय. पण समोरच्या प्लॅटफॉर्मला. दोन मिनिटं."

माझे गुडघे गेलेत असं मी नेहमी सांगते. त्या दिवशी ते कुठून परत आले कुणास ठाऊक. ऑफिसरने वॉकीटॉकीवर गाडी जरा धरायला सांगितलं आणि ती माझ्या पुढे पळाली. दुसऱ्या बाजूचा जिना चढून वर गेलो तर गाडीचे दिवे दिसत होते. गाडी तीन डब्यांची. तोंड कुठल्याही दिशेला असो, मधला डबा मधलाच. तेवढं एक सोपं होतं.

दार उघडलं. दाराजवळच्या सीटवर हिरवं लुगडं होतं. एका हाताने दांडा धरलेला, डोळ्यावर रुमाल, आणि शेजारी कॉलेजची एक मुलगी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरून उभी.

मी हात धरला. तिने झटकला.

"कोन हाये?"

"मी. शैला."

तिने माझं मनगट चाचपलं, बांगड्या चाचपल्या, तेव्हा कुठे दांडा सोडला. खाली उतरलो, दार लागलं, गाडी गेली. ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "म्या व्हते तितंच हाये. तुमी कुटं गेल्या व्हत्या?"

मी तिथेच बाकावर बसून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, हे आणखी वाईट.

"घाम आलाय का? चक्कर?"

"काय न्हाई झालं. पदराला गूळ बांधलेला व्हता, त्यो खाल्ला. त्या पोरीनं पाणी दिलं. लई ग्वाड पोरगी."

गेटवर अकरावा कोड चालला नाही, माझा बारावाही नाही. आत किती वेळ राहायचं याला मर्यादा असते, ती उलटून गेली होती. वरचे पैसे भरले, गेट उघडलं. बाहेर पडताना माझ्या मागे कुणी नव्हतं. या वेळी मी पाहून घेतलं.

व्हॅनमध्ये बसल्यावर आधी मुलाला फोन लावून त्याच्या आईच्या हातात दिला. ती म्हणाली, "आरं काय न्हाई, जरा म्होरं जाऊन आले." मग मी फोन घेतला आणि झालं ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, सांगितलं ते बरं केलं. तिनं न्हाईच सांगितलं असतं." त्याने मला चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बोराशेठनाही मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चूक माझीपण आहे. मी फेऱ्या विचारल्या. माणसं कशी आहेत ते विचारलंच नाही." आता स्टेशनवर पोचलो की मी कुणाला फोन करत नाही. प्रत्येकाचा दिवसाचा पास घेते, ज्याचा त्याच्या हातात देते, आणि सगळ्यांच्या शेवटी चालते.

पुढच्या फॉलोअपला द्रौपदाबाई पुन्हा आल्या. पास कनवटीला खोचलेला. परतताना नाशिक फाट्याला गाडीचं दार उघडलं, सगळे उतरले, ह्या मात्र दारातच थांबल्या.

"उतरा ना, द्रौपदाबाई."

"मागं कोन हाये?"

"मी आहे."

"मंग उतरते," असं म्हणून त्या उतरल्या.