मावशीला औषध चालत नसे
यम पाठीस लागला तर अर्ध्या वाटेत त्यालाच धाप लागावी, अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तारापूरची आमची घरमालकीण मावशी! साठच्या दशकात वीजकेंद्राच्या बांधकामावर कारकून म्हणून मी साताऱ्याहून सहकुटुंब आलो आणि तिच्या पडवीलगतच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. मावशी सत्तरीची. रोज डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालत बोईसरला जायची, विकून चालत परत यायची, आणि आल्यावर दम खायचा सोडून बोंबील वाळत घालायची. रविवारी दुपारी माझा जरा डोळा लागला की दारातून हाक यायची, "भाऊ, मेलास का निजलास?" माणूस जगतो तो चालण्यावर, तांदळाच्या भाकरीवर आणि सुक्या मासळीवर, डॉक्टर ही आळशी लोकांची चैन, असं तिचं ठाम मत. माझं महागामोलाचं टॉनिक तिनं एकदा खुशाल माडाच्या मुळाशी ओतलं. "तू काय वाडत नाय, माड तरी वाडंल!" वर त्या बाटलीची रॉकेलची चिमणी केली.

अशात आमची तीन वर्षांची शकू तापानं फणफणली. दुसऱ्या दिवशी छाती घरघरू लागली, ओठ निळे पडले. बायकोनं हाय खाल्ली. एस.टी.ला अजून दीड तास होता. आता ही बाई काढा उकळत बसणार, म्हणून मी धास्तावलो. मावशीनं पोरीच्या छातीला हात लावला, तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि "डाक्टरकडं चल!" म्हणून वाटेला लागलीसुद्धा. मी तिशीतला गडी, पण वाटेतलं पाम गाव येईस्तोवर माझी जीभ बाहेर आली. म्हातारी आपली पुढंच!

बोईसरच्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, शकूला तिथंच ठेवून घेतलं. संध्याकाळी तिनं पाणी मागितलं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. आणि माझी वात्रट जीभ वळवळलीच. "काय मावशी, शेवटी डॉक्टरच लागला ना?"

आता शिव्या पडणार, असं वाटलं. ती शकूच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

"माज्या दोन पोरी अशाच धापा टाकत गेल्या, भाऊ. एकीमागं दुसरी. दोगींनाबी अशीच खांद्यावर घेऊन हितवर आली व्हती. तवा हितं डाक्टर नव्हता. दोन्ही येळा तशीच परत गेली."

मी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ," ती म्हणाली. "पोरीला दूद आन."