घर विचारून हाक मारणारे वेंकटअण्णा

पहिल्याच दिवशी वेंकटअण्णांनी मला हाक मारली ती अशी: "साताऱ्याच्या जोशांच्या घरची मंजिरी, हिकडे ये!" तंजावूरच्या त्या ऑफिसात आम्ही मोजून नऊ जण, आणि मंजिरी मी एकटीच. पण अण्णा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच मराठी, कुणालाच नुसत्या नावानं पुकारत नसत. गृहस्थ जरा चक्रम दिसतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

कारण पुढे त्यांनीच सांगितलं. राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाच आजोबांच्या चार घरांत चार वेंकट. एका शनिवारी त्यांच्या आईनं तेल लावायला "वेंकट!" म्हणून हाक मारली. शेजारचा वेंकट इस्त्रीचा सदरा घालून मुलाखतीला निघाला होता, तो आत आला आणि नमस्काराला वाकला. आईच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिनं वाटीभर तिळाचं तेल त्याच्या टाळूवर ओतलं. "घर विचाराचं, मग हाक माराची," हे अण्णांचं तत्त्व तेव्हापासूनचं.

आमचं काम दूध संकलन केंद्रावरच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिण्याचं. अण्णा निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या करारावर तिथे होते आणि कर्नलचं, म्हणजे यंत्रातले सगळे प्रोग्राम सांभाळणाऱ्या गाभ्याचं, शिक्षण मला त्यांच्याकडूनच मिळालं. "प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, ते घर; थ्रेड, म्हणजे त्यातली एकेक चालती कामं, ती घरातली माणसं," ते सांगत. "घराला सिग्नल दिलास तर दाराजवळ असेल तो ओ देईल. एकालाच पाहिजे तर त्याचा नंबर घे. पण नुसता नंबर नको, सरि? कळलं? माणूस गेला की त्याचा नंबर दुसऱ्या घरी कोणालाही जातो. घराचा नंबर नि माणसाचा, दोन्ही दे. माणूस त्या घरी नसेल तर कर्नल नाही म्हणून सांगेल."

मी मान डोलावली आणि नको तेच केलं. अडकलेल्या थ्रेडला सिग्नल देऊन ढोसणारा एक पहारेकरी प्रोग्राम मी लिहिला, आणि घाईत त्यात नुसता थ्रेडचा नंबर घातला. तपासायला तो अण्णांकडे गेला, त्यांनी 'ठीक' म्हटलं. ओरत्तनाडुजवळच्या केंद्रावर गिऱ्हाइकाला यंत्र दाखवायचं होतं, त्याच सकाळी अडकलेला थ्रेड संपला. त्याचा नंबर पावत्या छापणाऱ्या प्रोग्राममधल्या एका नव्या थ्रेडला मिळाला आणि माझा सिग्नल नेमका त्याला लागला. त्या प्रोग्रामला तो सिग्नल ओळखीचा नव्हता; अख्खा प्रोग्राम आडवा झाला. बायामाणसं कॅन घेऊन तासभर उन्हात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी चेन्नईहून साहेब कॉलवर आले. "चूक कुणाची? की सगळ्या टीमचीच?" माझी नोकरी कायम व्हायला आठवडा होता. मी टेबलाकडे बघत बसले. अण्णा म्हणाले, "सगळ्यांना नको सर. कोड तपासायचं काम माझं, मी न वाचता पास केला. चूक वेंकटरावाची." साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. त्या महिन्यात अण्णांचा करार वाढला नाही, मी मात्र कायम झाले.

पंधरा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्यांच्या घरी गेले. अण्णा टंब्लरमधली कॉफी, त्यांची 'कापी', वरखाली ओतून निववत होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "अण्णा, तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत."

"नाही की," ते हसले. "न वाचता पास केलों, ते माझं. माझं मी सांगितलों. तुझं मी का घेऊ?"

"मग तेव्हा माझं नाव का नाही घेतलंत?"

"तू होतीस की तिथं," अण्णा म्हणाले आणि टंब्लर माझ्या हातात दिला. "बस. कापी पी."

मी बसले, कॉफी संपवली. सोमवारी मी साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वेंकटरावांना विचारा, परत येतील का."

विचारलं. "तू ओ दिलीस की, आता मी कशाला?" म्हणाले. अण्णा आले नाहीत.