चिलखतवाल्या पिल्लांची आई

नीलांबरी रत्नागिरीची, मत्स्यशास्त्राची पदवीधर. नवऱ्याच्या, चंद्रहासच्या नोकरीमुळे द हेगला आली आणि काही वर्षं घरातच अडकली. डच जेमतेम जमू लागल्यावर तिथल्याच किनाऱ्यावरच्या स्खेवेनिंगन भागातल्या एका छोट्या मत्स्यालयात टाक्या धुवायला लागली. आम्ही मैत्रिणी म्हणायचो, "अगं, एवढं शिकून हे काम?" ती हसायची. "माशांजवळ आहे ना, बास."

२०१५च्या फेब्रुवारीत एका मच्छीमार बोटीवरून आलेल्या समुद्री शेवाळाच्या मुळात तिला नारिंगी अंड्यांचा पुंजका दिसला. हार्नसमानेत्ये नावाच्या माशाची अंडी. वीतभर लांबीचा हा मासा उत्तर समुद्राच्या गार तळाशी राहतो. अंगावर हाडांचं कडक कवच, म्हणून डच लोकांनी त्याला 'चिलखतवाला छोटा माणूस' असं नाव दिलंय.

तिची वरिष्ठ मार्लूस म्हणाली, "फुटायला जवळजवळ वर्ष लागतं. आमच्याकडे कधी जगली नाहीत. ठेवायची तर तुलाच बघावं लागेल."

"बघते," नीलांबरी म्हणाली.

रोज ती चिमट्याने बुरशी लागलेली अंडी काढायची, पाणी बदलायची. जुलैत उन्हाचा कहर झाला आणि नेमकं पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला माणूस लगेच मिळेना. तिने घरच्या फ्रीझरमधला आमरस आम्हाला वाटून टाकला आणि तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवल्या. चंद्रहास ऑफिसला जायच्या आधी ट्रामने त्या पोचवायचा. तरी निम्मी अंडी पांढरी पडून मेली. फोनवर ती रडली, पण सकाळी पुन्हा हजर.

जानेवारीत एका सकाळी टाकीत काचेच्या सुईसारखी पिल्लं वळवळताना दिसली. मार्लूसने सगळ्यांना हाका मारून बोलावलं आणि नीलांबरीला घट्ट मिठी मारली. पुढे बरीच पिल्लं गेली. पण उरली ती वाढली, तळाशी उतरली, आणि त्यांच्या अंगावर इवलंसं चिलखत चढलं. मार्लूसने तिला पिल्लांच्या विभागात कायम केलं.

उन्हाळ्यात नीलांबरीची लेक उत्तरा शाळेच्या वर्गासोबत तिथे आली. ही मुलगी घरीसुद्धा डचमध्येच उत्तरं द्यायची. शिक्षिकेने विचारलं, "हे मासे इथे कसे आले?" उत्तराने आईकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, "आई, तू सांग ना."

आणि आमच्या नीलांबरीने, अडखळत का होईना, सगळी हकिगत डचमध्ये सांगितली. पोरं टाकीच्या काचेला नाकं लावून ऐकत होती.