देवाने नेलेल्या मुलाची आई

माझा मुलगा शिमग्यात पालखी नाचवताना गेला. सावर्ड्याहून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. मुंबईत नोकरीला असलेला एकूण एक पुरुष शिमग्याला गावी येतो, तसा तोही आला होता. ग्रामदेवतेची पालखी खांद्यांवर घेऊन ढोलाच्या ठेक्यावर नाचवायची आणि ती जमिनीला टेकू द्यायची नाही, असा आमच्याकडचा नियम. नाचता नाचता तो गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. त्याच्या खांद्यावरची दांडी सुटली तसा मागच्या पोराने झेप घेऊन आपला खांदा दिला. पालखी टेकली नाही. हे गाव अजून अभिमानाने सांगतं. पालखी सावरून झाल्यावर मग माणसं माझ्या मुलाकडे वाकली. कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी कपाळाला अंगारा लावला, कुणी तोंडावर पाणी मारलं. अशा वेळी छाती दाबायची असते हे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"वैनी, देवान नेलान त्याला," दीर म्हणाला. दीर म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, गावातला मानकरी. तो बोलला म्हणजे गाव बोललं. देवाने नेलेल्याला कापायला कोण देणार? पोलीस, दवाखाना, काहीच झालं नाही. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं.

आणि तेव्हापासून मी देवाने नेलेल्या मुलाची आई झाले. बायका वाटेत चप्पल काढून माझ्या पाया पडत. नव्या सुना घेऊन येत, त्यांची ओटी माझ्या हातून भरून घेत. पालखी घरोघर फिरते, तशी माझ्या अंगणात आली की सगळ्यांत जास्त वेळ थांबे. मान भरपूर मिळाला, पण गप्पा मारायला म्हणून कोणी येईनासं झालं. पूर्वी शेजारीण कोकमं वाळत घालायला माझ्या अंगणात यायची, तासभर सासूच्या कागाळ्या करायची. तीही हात जोडून जायला लागली. देवळात कोणी सासूच्या कागाळ्या सांगत बसत नाही. रडायचीही चोरी. एकदा शेजारणीसमोर डोळे भरून आले तर ती म्हणाली, "काकी, तुमीच असं केलंत तर देवाला काय वाटंल?" देवाला काय वाटेल याची सगळ्यांना काळजी होती. मला देवाचा राग येत होता आणि तो सांगायला एक माणूस नव्हतं.

माझी जीभ तशी पहिल्यापासून तिखट. पोफळीच्या कॉलनीत हे पॉवरहाउसला कामाला होते तेव्हा मी तिथल्या बालवाडीत शिकवायचे. पोरांचे बापसुद्धा मला दबकून असत. पण बोलायला समोर कोणीतरी लागतं. घरात मी आणि भिंती.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एकदा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला चिपळूणला गेले होते. नवीन डॉक्टरीण होती, माझ्या मुलापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. तिने घरात कोण कोण असं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. देवाने नेलं, हेही सांगितलं. ती हसली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. तिने फक्त विचारलं, "घरात आणखी कोणी असं तरुणपणी अचानक गेलंय का?"

गेलं होतं. माझा नवरा चाळिशीत गेला. रात्रपाळी करून आले, चहा पिऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, दृष्ट लागली. सासऱ्यांचा धाकटा भाऊ वेळणेश्वरला पोहताना गेला. पट्टीचा पोहणारा, समुद्रही शांत. लोक म्हणाले, पाण्याने ओढला. आमच्या घरात प्रत्येक मरणाला बाहेरचं कारण तयारच असायचं. आतलं विचारायची वेळच आली नाही.

डॉक्टरीण म्हणाली, काही घराण्यांत हृदयाच्या ठोक्याची वीजच बिघडलेली असते. एरवी माणूस ठणठणीत दिसतो, आणि नाचताना, पोहताना, कधी झोपेतसुद्धा ठोका एकदम बेताल होतो. तुमच्याकडे तेच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण तपासणीच झालेली नाही. पण रक्ताच्या नातेवाइकांचा हृदयाचा आलेख काढायलाच हवा. मी लगेच ब्लाउजच्या बाह्या वर सारल्या. ती म्हणाली, "तुमचा काढून उपयोग नाही, मावशी. तुम्ही त्या घरात लग्न होऊन आलात." इतकी वर्षं त्या घराची माती उपसली आणि त्या दिवशी कळलं की मी त्यांच्या रक्ताची नाही. ज्यांच्या अंगात ते रक्त होतं असे दोघेच उरले होते, दीर आणि त्याचा मुलगा. माझ्या मुलाचा पालखीखालचा खांदा गावाने मोठ्या मानाने त्या पुतण्यालाच दिला होता.

तिने आणखी एक सांगितलं. मुंबईत काही डॉक्टर अशा घराण्यांचा अभ्यास करतात, पण पैसा मिळत नाही. लोक देऊळ बांधायला देतात, अभ्यासाला देत नाहीत. आणि अशी मरणं धड मोजलीसुद्धा जात नाहीत, कारण ती देवाच्या, समुद्राच्या, नाहीतर दृष्टीच्या नावावर जमा होतात.

घरी येऊन मी दिराकडे गेले. मुलाला एकदा तपासून घ्या म्हटलं. त्याने पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "देवाखाली उभा ऱ्हाणाऱ्या पोराचं काळीज तपासायचं? म्हंजे देवावर इश्वास नाय म्हना." जाऊबाईंनी खरं कारण सांगितलं. पोराचं लग्न ठरत आलं होतं. हृदय तपासून आलेल्या मुलाला मुलगी कोण देईल? आणि गावाच्या मुंबई मंडळाने माझ्या मुलाच्या नावाने कमान बांधायला वर्गणी जमवली होती. मी म्हटलं, ते पैसे त्या डॉक्टरांना देऊया. मंडळाचे अध्यक्ष फोनवर समजावणीच्या सुरात म्हणाले, "काकी, कमान दिसते. संशोधन दिसतं का?" मी फोन ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.

पुढचा शिमगा आला. पालखी अंगणात आली की गुरव त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. घरधन्याने सांगायचं आणि गुरवाने ते देवापुढे मांडायचं. त्यात स्वतःचं डोकं घालायचं नाही. जमलेल्या पुरुषांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा म्हटलं की मग माघार नाही, देवापुढे दिलेला शब्द तो. मी गुरवाला बाजूला घेऊन काय मागायचं ते सांगितलं. म्हाताऱ्याने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग नारळ हातात घेतला.

"हे म्हाराजा, ह्या घरची बाय तुज्यापुढं उभी हाय. तिच्या घरात सुख-शांती ऱ्हाऊ दे."

"व्हय म्हाराजा."

"तिचा पोरगा तू नेला नाय असं ती सांगते. काळजाच्या दुखन्यानं गेला म्हनते. तिचं म्हननं रास्त मान."

"व्हय म्हाराजा," सवयीने पोरं म्हणाली. दोघे-तिघे चपापून एकमेकांकडे बघायला लागले.

"पालखीला खांदा देनाऱ्या परत्येक पोराचं काळीज उद्या सकाळी सहानेवर तपासून होऊ दे. कमानीचा पैसा त्या दुखन्याच्या अभ्यासाला जाऊ दे."

दिराचे ओठ मिटलेले होते. पण दांडीखाली घामाघूम झालेला त्याचा मुलगा आधीच म्हणून बसला होता. बाकीचेही म्हणाले, आवाज उतरले होते तरी. कोणीतरी ढोलावर थाप मारली. पालखी हलली तसा दीर माझ्याजवळ आला. "वैनी, ह्ये काय केलंत? देवान दिलेला मान देवालाच परत केलात?" मी म्हटलं, "होय, भावजी." तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या मुलाजवळ मेल्यावर एवढीच एक गोष्ट उरली होती आणि ती मी चारचौघांत काढून घेतली. त्या रात्री मी जेवले नाही.

मी आधीच सांगून ठेवलं होतं, तशी सकाळी डॉक्टरीण यंत्र घेऊन आली. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो चौथरा. त्याच्या मागच्या खोलीत सतरंजी घालून पोरांना उघड्या अंगाने झोपवलं. ती लाजत होती, एकमेकांना गुदगुल्या करत होती, हसत होती. मग डॉक्टरिणीने एका उशीवर छाती कशी दाबायची ते सगळ्यांना करायला लावलं. मी मागे उभी राहून बघत होते. कठीण काही नव्हतं त्यात. ते बघवेना म्हणून मी बाहेर जाऊन बसले.

पुतण्याचा आलेख तिने दोनदा काढला. मोठ्या दवाखान्यातल्या तपासण्यांनंतर निदान पक्कं झालं. रोज गोळी घ्यायची, पालखी नाही, कबड्डी नाही, पोहणं नाही. मग दिरालाही आलेख काढावा लागला, त्यातही थोडंफार सापडलं. तो गुपचूप गोळी घेतो असं जाऊबाई म्हणाल्या. मुलीकडच्यांनी आठवड्याच्या आत निरोप धाडला की मुलगी एवढ्यात देण्याचा विचार नाही. त्या दुपारी पुतण्या माझ्या दारात आला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "काकी, तुजा पोरगा गेला त्याचा सूड माज्यावर उगवलास." मी त्याला आत ये म्हटलं. तो आला नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

कमान झाली नाही. पैसे कुरकुरत का होईना मुंबईच्या डॉक्टरांकडे गेले. आता माझ्या कोणी पाया पडत नाही. शेजारीणही काही गप्पांना परतली नाही. तिला आता माझं काय करावं हेच कळत नाही. पूर्वी मी देवळासारखी एकटी होते, आता माणसासारखी एकटी आहे. यातलं बरं कुठलं ते अजून ठरलेलं नाही.

यंदा पालखी माझ्याकडे इतरांच्या अंगणात थांबते तेवढीच थांबली. पुतण्या रस्त्यावरच राहिला, नारळांची पिशवी घेऊन, माझ्याकडे पाठ करून. त्याला हाक मारावी असं फार वाटलं. गोळी घेतलीस का, एवढं तरी विचारायचं होतं. मारली नाही. ढोल वाजला आणि पालखी वरच्या वाडीकडे निघाली. चढ लागला तशी बाकीची पोरं आरडाओरडा करत तिच्याबरोबर पळत सुटली. तो पळाला नाही. सगळ्यांच्या मागून, एकटाच, सावकाश चालत वर गेला.