भरलेली वर्गणी

चष्मेवाल्याला माणसांची किळस यायला तशी वर्षं लागली. तो पडला तळ्याकाठच्या गळवाल्यांच्या क्लबचा खजिनदार, आणि खजिनदाराला तोंड वाकडं करून चालत नाही.

पूर्वी वर्गणी न मागता यायची. तिच्यातून माशांची पिल्लं तळ्यात सोडायची, बांधाची डागडुजी करायची. मग कुणीतरी वार्षिक जेवणाची टूम काढली. जेवण फुगत गेलं, पिल्लं घटत गेली. नवा अध्यक्ष फर्निचरवाला. गांडुळाला बोट लावायचं म्हटलं की नाक मुरडणार, पण फोटोत सगळ्यात मोठा मासा त्याच्याच हातात.

पुढे निम्म्यांनी वर्गणीला टांग मारली. त्यांत चष्मेवाल्याचा सख्खा साडूही होता. सभासद चाळिसाच्या खाली गेले तर नोंदणी रद्द, म्हणजे तळंही हातचं गेलं. आणि चष्म्यांचं दुकान उघडण्याआधी त्या काठावर गळ टाकून बसणं, एवढंच तर त्याचं सुख होतं. त्यानं बुडव्यांची वर्गणी गुपचूप पदरची भरायला सुरुवात केली.

बायकोला कळलं तेव्हा ती म्हणाली, "भाजा लष्कराच्या भाकऱ्या. दुकानाची काच राहू दे तडकलेली."

यंदाच्या सभेत अध्यक्षानं ठराव मांडला. तळं बुजवायचं, जागा गाड्या उभ्या करायला भाड्यानं द्यायची, म्हणजे जेवण दणक्यात होईल. मत फक्त वर्गणी भरलेल्यांना. भराभर हात वर झाले. काठाकडे वर्षानुवर्षं न फिरकलेले सगळे हात. खरे गळवाले मूठभर, त्यांचेच तेवढे हात खाली.

चष्मेवाल्यानं वर्गणीची वही पुढ्यात ओढली. यांची वर्गणी आपणच भरली हे सांगावं, तर हे सभासदच उरत नाहीत, मग नोंदणी जाणार आणि तळंही. गप्प बसावं तरी तळं जाणारच. इकडे आड, तिकडे विहीर. या गोचिडांना रक्त पाजून आपणच वाढवलं, याची त्याला सगळ्यात जास्त शिसारी आली. ठराव मंजूर झाल्याचं त्यालाच लिहून घ्यावं लागलं.

जेवणाचं ताट हातात घेऊन साडू शेजारी येऊन बसला.

"काय हो, माझी यंदाची वर्गणी राहिलीय का?"

"नाही. भरलीय."

"वाटलंच मला," बोटं चाटत साडू म्हणाला. "आपल्याकडे कुणाचं देणं कधी राहत नाही."